वसईच्या तहाचा परिच्छेद

शाळेची मेल आली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये सूपच्या रांगेत उभा होतो. मेल तीन ओळींची. तुमच्या मुलीने दिलेल्या इतिहासाच्या प्रबंधातला एक परिच्छेद तिने स्वतः लिहिलेला नसावा अशी शंका आहे. गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी तिने समितीपुढे यावं. पालक सोबत आले तरी चालेल, पण बोलायचं तिने. या देशात चौदा वर्षं काढली तरी असल्या कोरड्या मेलांची मला सवय झालेली नाही. निदान एखादं ‘काळजी नसावी’ तरी घालावं.

मी रांगेतून बाहेर पडलो. भूकच मेली होती. तो परिच्छेद कोणाचा हे शोधायला समितीची गरज नव्हती. तो माझा होता.

आम्ही नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला राहतो. चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत मी इंजिनियर, बायको आयटीत. पुण्याहून आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. आता ती इंग्रजी शाळेत शेवटच्या वर्षाला. मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की इंग्रजी, आणि चिडली की डच. तिच्या शाळेत शेवटच्या वर्षी प्रत्येकाला आपला विषय आपण निवडून एक मोठा प्रबंध लिहावा लागतो. प्रबंध बाद झाला तर डिप्लोमा नाही. आणि डिप्लोमा नाही तर तिला इतिहास शिकण्यासाठी युनिव्हर्सिटीत मिळालेली जागाही नाही, कारण ती जागा त्याच अटीवर होती. मुलगी इतिहास शिकणार म्हटल्यावर नातेवाइकांनी फोनवर धरलेलं मौन आम्ही झेललं होतं. म्हणजे त्या जागेसाठी तिने आधीच एक लढाई मारलेली होती.

विषय तिने निवडला अमेरिकेचा. स्वातंत्र्यानंतर तीसेक वर्षांच्या आत त्या देशाने आपला मुलूख दुप्पट कसा केला, त्यामागचं राजकारण आणि वाटाघाटी. मला राग आला होता. घरात पानिपतापासून पेशवाईपर्यंत सगळा माल तयार असताना हिला अमेरिका कशाला?

“बाबा, इट्स माय एसे,” ती म्हणाली. विषय संपला.

पण हळूहळू मीच त्यात गुंतलो. जेवताना ती थोडं थोडं सांगायची. अमेरिकेला हवं होतं एक बंदर, मिसिसिपी नदीच्या मुखावरचं न्यू ऑर्लिन्स. तेवढं आणि आसपासची थोडी जमीन मागायला राष्ट्राध्यक्षाने दोन वकील, म्हणजे आपले राजदूत, पॅरिसला बोलणी करायला बसवले. फ्रान्सला लढाईसाठी पैसा हवा होता. त्यांनी एक दिवस एकदम विचारलं, सगळाच लुइझियाना घेता का? म्हणजे नदीच्या पश्चिमेचा अवाढव्य मुलूख, ज्याच्या सीमा विकणाऱ्यालाही धड सांगता येत नव्हत्या. गंमत म्हणजे फ्रान्सने तो स्पेनकडून नुकताच कागदोपत्री परत मिळवला होता आणि तिथे अजून स्पेनचेच अधिकारी बसलेले होते. शिवाय तो तिसऱ्या कोणाला देणार नाही असा शब्दही फ्रान्सने स्पेनला दिलेला होता.

“म्हणजे सातबारा एकाच्या नावावर, विकतोय दुसरा आणि घेतोय तिसरा!” मी म्हणालो.

सातबारा म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं. मग ती खूप हसली. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो, हे कबूल करतो. अठरा वर्षांची मुलगी आपल्या बोलण्यावर हसते, हे सुख रोजचं नव्हे.

तिच्या प्रबंधाचा प्रश्न त्या दोन वकिलांबद्दल होता. त्यांना एवढा मुलूख घ्यायचा अधिकार नव्हता. विचारायला पत्र पाठवलं तर समुद्रापार जाऊन उत्तर यायला महिने लागणार. तोवर समोरच्याचं मन फिरलं तर? त्यांनी सही करून टाकली. तिकडे राष्ट्राध्यक्षालाही प्रश्न पडला की राज्यघटनेत परका मुलूख विकत घ्यायची सोय कुठे आहे? आधी घटना दुरुस्त करावी असा त्याचा विचार होता, पण वेळ जाईल म्हणून तोही त्याने सोडला. आणि एवढ्या सगळ्या घालमेलीत, त्या जमिनीवर राहणाऱ्या मूळच्या लोकांना कोणी काही विचारलं नाही. या सगळ्यावर तिने पंधरा-सोळा पानं लिहिली होती.

द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तिने त्या फाइलची लिंक मला पाठवली. संदर्भांच्या यादीत स्पेलिंगच्या चुका राहिल्यात का तेवढं बघ म्हणाली. “फक्त यादी, बाबा. बाकी टच नको करू.” हे तिने मराठीत सांगितलं. म्हणजे मला नीट कळावं अशी तिची खरोखर इच्छा होती.

ती मैत्रिणीकडे गेली. मी चहा घेऊन बसलो. यादी दहा मिनिटांत झाली. मग म्हटलं, वाचू तर खरं. वाचता वाचता सहाव्या पानावर अडकलो. लुइझियानाच्या कराराचा महिना बघून माझ्या डोक्यात काहीतरी टणकन वाजलं. वसईचा तह! त्याच्या जेमतेम चार महिने आधीचा. पुण्याजवळ फौजेचा पराभव झाल्यावर शेवटचा पेशवा पळाला, वसईला जाऊन त्याने इंग्रजांशी तह केला, त्यांची फौज पदरात घेतली आणि राज्याच्या नाड्या त्यांच्या हातात दिल्या. एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यात जगाच्या दोन टोकांना दोन सह्या झाल्या आणि दोन खंडांचं नशीब फिरलं. हे कोणाच्या लक्षात येणार? पुण्यात वाढलेल्या माणसाच्याच. तिच्या इतिहासाच्या डच बाईंच्या थोडंच येणार!

मी आठ ओळी लिहिल्या. मग त्या बारा झाल्या. बदल नुसता सुचवून ठेवायचं बटण त्या फाइलमध्ये होतं. मी ते रोज ऑफिसात वापरतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या कागदात त्याच्या मंजुरीशिवाय एक आकडा बदलला तरी तो गुन्हा असतो, आणि याच कारणावरून मी एका ज्युनियरला सगळ्यांसमोर झापलेलं होतं. तरी त्या दिवशी मी ते बटण दाबलं नाही. सरळ मजकुरात घातलं. ती आली की सांगू, खूश होईल, असा माझा हिशोब. ती आली तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा फोन चालू होता. मग जेवणं झाली. मग मी विसरलो. सोमवारी सकाळी तिने शाळेतून ती फाइल देऊन टाकली. पुन्हा वाचली नाही, कारण ती तिच्या मते वाचून झालेली होती. बापाकडे फक्त यादी होती.

मला आठवण झाली ती मंगळवारी. तेव्हाही सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, आता दिलंय ना, राहू दे, झाला तर फायदाच होईल. हे सर्वांत वाईट होतं, आणि ते मी शुद्धीवर असताना केलं.

दोन आठवड्यांनी, सोमवारी, ती मेल आली.

त्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. मेल तिलाही आली होती. फाइलचा इतिहास तिने उघडला होता, कोणी कधी काय लिहिलं ते सगळं त्यात दिसतं. बारा ओळी वेगळ्या रंगात आणि शेजारी माझं नाव. तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. बायको ओट्याशी उभी होती, तिनेही वाचलं.

“अरे, काय केलंस हे?” बायको म्हणाली.

“चांगल्यासाठीच केलं ना,” मी म्हणालो. ते शब्द तोंडातून निघताच मला स्वतःचाच राग आला.

लेक डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि वर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, बुधवार घरात कुणाचा आवाज नव्हता. मी ऑफिसात बसून त्या शाळेची नियमावली वाचत होतो. ‘दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून सादर करणे’ याखाली शिक्षा स्पष्ट होती: प्रबंध बाद. बाप आणि परका यात फरक केलेला नव्हता. मीटिंगमध्ये लोक माझ्याकडे बघून उत्तराची वाट बघायचे आणि मला प्रश्नच ऐकू आलेला नसायचा.

बुधवारी संध्याकाळी मी तोडगा काढला. माझा स्वभावच तो, काही बिघडलं की लगेच पान्हा शोधायचा. बायकोला म्हटलं, हे बघ, आपण असं सांगू. विचार तिचाच होता. जेवताना आमची चर्चा झाली, तिने तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. तिचा हात दुखत होता. टायपिंग म्हणजे काही लेखन नव्हे. बायकोला आधी पटेना. मग तीही हिशोब करायला लागली. हात कुठला दुखत होता? उजवा. डॉक्टरकडे का नाही नेलं? एवढ्या-तेवढ्यासाठी इथे डॉक्टर भेटतो का कधी! आम्ही दोघं खालच्या आवाजात अगदी तपशिलात शिरलो. वसईचा तह तिला कसा माहीत, तर लहानपणी मी गोष्ट सांगितली होती. हे खरंही होतं. निदान मी सांगितली होती, तिने ऐकली का ते माहीत नाही.

“मी इथेच बसलेय,” लेक म्हणाली.

ती कधी खाली आली ते आम्हाला कळलंच नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होती.

“तुम्ही माझ्याबद्दल ठरवताय आणि मी इथे बसलेय. कोणी मला विचारलं का?”

“बाळा, तुझं वर्ष जाईल,” मी म्हणालो. “जागा जाईल. एक वाक्य बोलायचंय फक्त.”

“आणि त्यांनी विचारलं की ती ट्रीटी काय आहे, तर?”

“मी शिकवतो ना. आत्ता. अर्धा तास लागेल.”

ती पायरीवरून उठून टेबलाशी आली. मग म्हणाली, शिकव. आणि मी शिकवलं. त्याच टेबलावर वही घेऊन, कोण कुठून पळाला, कोणी काय लिहून दिलं, सगळं. तिने प्रश्न विचारले, नेमके विचारले. पेशव्याने स्वतः सही केली का? हो. स्वतःच्याच राज्याबद्दल? हो गं, तेच तर दुर्दैव. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, तोडगा मान्य झाला. तीन दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

गुरुवारी आम्ही तिघं सायकलींवर शाळेत गेलो. वारा समोरून होता आणि ती आमच्या बरीच पुढे होती. खोलीत इतिहासाच्या बाई आणि शेवटच्या वर्षाचे समन्वयक, असे दोघंच होते. आम्हाला भिंतीकडच्या दोन खुर्च्या दिल्या. समन्वयकांनी हसून, पण स्पष्ट सांगितलं की आम्ही विचारेपर्यंत आई-वडिलांनी बोलायचं नाही. लेक टेबलाशी. तिची पाठ आमच्याकडे. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कानामागे खोचलेले केस.

बाईंनी आधी प्रबंधाबद्दलच विचारलं. त्या दोन वकिलांनी थांबून विचारायला हवं होतं, असं तुला वाटतं का?

ती बोलायला लागली. मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं. ती म्हणाली, थांबले असते तर सौदा गेला असता, हे खरं. पण तिला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. करार झाल्यावर तिकडे चर्चा झाली ती फायद्याची. मुलूख मिळाला, नदी मिळाली, फ्रान्स दूर गेला. फायदा एवढा मोठा होता की अधिकार होता का हा प्रश्नच लहान झाला. पुढच्या प्रत्येक वेळी हेच वापरलं गेलं, आधी घ्यायचं आणि परवानगीचं नंतर बघायचं. मग तिने त्या जमिनीवरच्या लोकांचं सांगितलं. अमेरिकेने खरं तर जमीन घेतलीच नव्हती, त्या लोकांशी सौदे करायचा एकट्याचा हक्क घेतला होता, आणि ज्यांच्याशी सौदे करायचे त्यांना हे माहीतही नव्हतं. बाई मान डोलावत लिहून घेत होत्या. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. ही सोळा पानं मी वाचली होती, आणि वाचताना मला फक्त त्यात काय नाही एवढंच दिसलं होतं.

मग बाईंनी एक कागद पुढे केला.

“हा परिच्छेद. भाषा वेगळी आहे, पण लिहिला चांगलाय,” बाई म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, त्या भीतीतही क्षणभर मला बरं वाटलं. “हा तू लिहिलास का?”

बायकोने माझा हात धरला. एक वाक्य. हात दुखत होता, मी सांगितलं, बाबांनी टाइप केलं. मी मनातल्या मनात ते तिच्या तोंडात घालत होतो.

“नाही,” लेक म्हणाली. “हा माझ्या वडिलांनी लिहिलाय. मला न विचारता. मी दिला तेव्हा मला माहीत नव्हतं.”

समन्वयकांनी माझ्याकडे पाहिलं, पण तिचं संपलं नव्हतं.

“आणि तो चुकीचा आहे,” ती म्हणाली. “तारखा बरोबर आहेत. तुलना चूक आहे. तिथे ज्याचं राज्य जात होतं त्याने स्वतः सही केली. तो घाबरलेला असेल, मूर्ख असेल, पण तो त्या टेबलाशी होता. माझ्या प्रबंधात ज्यांची जमीन होती ते टेबलाशी नव्हतेच. माझा सगळा मुद्दाच तो आहे. मी हे कधीच लिहिलं नसतं.”

काल रात्रीच्या जेवणाआधी मी उत्साहाने जे शिकवलं होतं, ते तिने यासाठी लिहून घेतलं होतं.

“हे खरं आहे का?” समन्वयकांनी मला विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

“तिने तुम्हाला काय करायला सांगितलं होतं?”

“संदर्भांच्या यादीतली स्पेलिंग बघायला.”

“तुम्ही तिला सांगितलंत?”

“नाही.” एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी म्हणालो, “मला वाटलं तिला मदत होईल.” बाईंनी तेही लिहून घेतलं.

आम्हाला बाहेर बसवलं. दहा मिनिटं म्हणाले होते, वीस झाली. बायको हळूच म्हणाली, “ती खोटं बोलली असती तर त्यांनी तिला पुढे काय विचारलं असतं, कळतंय ना तुला?” मला कळत होतं. जी तुलना तिला पटतच नव्हती, तिचीच बाजू तिला मांडावी लागली असती. लेक समोरच्या बाकावर बसून भिंतीवरचा सहलींचा फलक वाचत होती. एक पाय सारखा हलत होता. मी तिच्याकडे बघून काहीतरी हसल्यासारखं केलं. तिने पाय थांबवला, एवढंच.

आत बोलावलं. समन्वयकांनी निर्णय तिलाच सांगितला, आमच्याकडे न बघता. प्रबंध बाद होणार नाही. आज ती जे बोलली त्यावरून तो तिचा आहे याची त्यांना खात्री पटली. घडल्या प्रकाराची नोंद शाळेच्या कागदांत राहील आणि वडिलांना लेखी कबुली द्यावी लागेल. बायकोने मोठ्याने श्वास सोडला. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

“एक राहिलं,” बाई म्हणाल्या. “परिच्छेद काढून टाकता येईल. किंवा तळटीप म्हणून ठेवता येईल, हे वडिलांचं मत आहे असं लिहून, आणि खाली तुझं उत्तर. तसा तो खरं तर जास्त रंगेल. तू ठरव.”

मला ती तळटीप हवी होती. एवढं सगळं होऊनही हवी होती. तिच्या प्रबंधात कुठेतरी, बारीक अक्षरांत का होईना, मी. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो.

तिने फार वेळ घेतला नाही. “काढा,” ती म्हणाली.

मी कबुलीवर सही केली. बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी बायको पुढे झाली, आम्ही दोघं मागे राहिलो. मला माझ्या सायकलचं कुलूप उघडेना. म्हणालो, “चुकलं माझं.”

हे म्हटल्यावर आपल्याकडे समोरचा काय म्हणतो ते ठरलेलं असतं. असू दे, जाऊ दे, होतं असं. मी त्याचीच वाट बघत होतो.

“हो,” ती म्हणाली. “चुकलं.”

मग तिने माझ्याकडे किल्ली मागितली. मी लगेच दिली नाही. ती हात पुढे करून उभी राहिली, आणि मी देईपर्यंत तिने किल्लीला हात लावला नाही.